शर्ली अँड ली यांची ‘लेट द गुड टाइम्स रोल’: त्या मुलीचा आवाज तसा का, आणि ही एलपी ऐकावी कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुगम संगीत शिकवणाऱ्या एका बाईंना जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याकडे ‘शर्ली अँड ली’ या अमेरिकन जोडीची ‘लेट द गुड टाइम्स रोल’ ही एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी तबकडी, मिळाली. विकणाऱ्याने ती फार मोलाची असल्याचे सांगून चांगले पैसे घेतले. घरी येऊन ऐकल्यावर बाईंना वाटले की यातली मुलगी सरळसरळ बेसूर गाते. शिवाय दोघे जोडी म्हणवतात, पण एकत्र जवळजवळ गातच नाहीत, आणि सगळी गाणी एका साच्यातून काढल्यासारखी आहेत. मग हिचे एवढे कौतुक कशासाठी? आणि हातात आलेली प्रत तरी अस्सल आहे का?

मी जुन्या तबकड्यांवरून डिजिटल प्रती करून देण्याचे काम करतो. रिदम अँड ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे ब्लूजमधून निघालेले ठेकेदार लोकप्रिय संगीत, त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या माझ्या पिनखालून बऱ्याच गेल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. बेसूरपणापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या शंकांचे मूळ तिथेच आहे.

आधी प्लेअरवरचा संशय दूर करा. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते. सॅक्सोफोनचा एखादा लांब धरलेला सूर ऐका. तो साधारण दर पावणेदोन सेकंदांनी वरखाली होत असेल, तर भोक मधोमध पडलेले नाही किंवा तबकडी वाकली आहे. त्यात शर्लीचा काही दोष नाही. दुसरे म्हणजे तुमचा प्लेअर अमेरिकेहून आणलेला, जुन्या पद्धतीच्या एसी मोटरचा असेल, तर तो तिकडच्या ६० हर्ट्‌झच्या विजेसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. मोटर तेवढ्या प्रमाणात मंद फिरते आणि गाणे तीनहून किंचित जास्त अर्धस्वरांनी, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून साधारण तीन पट्ट्यांनी उतरते. लीचा आवाज गुहेतून आल्यासारखा आणि शर्लीचा बराच सभ्य वाटू लागला, तर हेच झाले असे समजा. वेग तपासायची ठिपक्यांची चकती घेताना ५० हर्ट्‌झचीच घ्या.

तिसरी गोष्ट घासलेल्या खाचांची. मोठ्याने आणि वरच्या पट्टीत गायलेला भाग खाचेत सर्वांत दाट कोरलेला असतो, म्हणून जाड पिनांनी पन्नास-साठ वर्षांत पहिला घाव तिथेच घातलेला असतो. शर्लीचा आवाज नेमका त्याच पट्ट्यात येतो. तबकडीच्या मध्याकडच्या गाण्यांत ती जास्त कर्कश वाटत असेल आणि कडेच्या गाण्यांत कमी, तर त्यातला बराच वाटा झिजेचा आहे. मात्र झिजेने आवाज फाटतो, सूर बदलत नाही. एवढे सगळे तपासूनही ती तुम्हाला सुराबाहेर वाटली, तर मग ते खरेच तिचे गाणे आहे.

आणि ते तसेच आहे. शर्ली गुडमन आणि लिओनार्ड ली ही न्यू ऑर्लिन्सची शाळकरी मुले. १९५२ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड ‘आयम गॉन’ आली तेव्हा शर्ली जेमतेम सोळाची होती. शर्लीने पुढे सांगितलेली हकिकत अशी की गल्लीतल्या मुलामुलींच्या घोळक्याने दोन डॉलर जमवले आणि कोसिमो मटासा यांच्या स्टुडिओत जाऊन गाणे गायले. लॉस एंजलिसच्या अलादिन कंपनीचे एडी मेसनर यांच्या कानावर ती टेप पडली. घोळक्यातून वर निघणारा तो टोकदार, पोरसवदा आवाज कोणाचा, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांना गाणारी मुलगी हवी होती असे नाही, तोच आवाज हवा होता. त्याच्या शेजारी उभा करायला पुरुषाचा आवाज लागणार, म्हणून ली. लीचा आवाज खालचा, रुंद, ब्लूजमध्ये मुरलेला. जोडी जुळली ती अशी, दोन आवाजांतल्या अंतरावर.

आता पट्टीचे गणित पाहू, ते तुम्हाला रोजचेच आहे. स्त्रीचा आणि पुरुषाचा सोयीचा आवाका साधारण चार-पाच स्वरांनी वेगळा असतो. युगलगीत बसवताना संगीतकार एकतर मधली पट्टी धरतो आणि दोघांनाही थोडा त्रास देतो, नाहीतर चाल अशी बांधतो की तिच्या ओळी वरच्या अंगाने जातील आणि त्याच्या खालच्या. न्यू ऑर्लिन्सच्या त्या छोट्या स्टुडिओत एवढा खटाटोप कोणी करत नसे. चाल एक, पट्टी एक. लीने एक कडवे म्हणायचे, शर्लीने तीच चाल तिच्या सप्तकात म्हणायची. पट्टी लीला आरामाची ठेवली की शर्ली वर जाऊन ताणते. त्या ताणात तिचा सूर कधी थोडा खाली राहतो, कधी टोचतो. याला मी बेसूर म्हणायला लाजणार नाही. शर्लीच्या काही कडव्यांत ती खरोखर सुराच्या खाली आहे आणि त्यावर कौतुकाचे पांघरूण घालायचे कारण नाही.

पण सगळीकडे तसे नाही, आणि तुमच्या कानाला चकवणारी जागा हीच आहे. ब्लूजमध्ये गंधार आणि निषाद स्थिर नसतात. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी सूर लावायचा, तिथून शुद्धाकडे किंचित सरकवायचा, ही त्या गायकीची जागा आहे. पियानोवर ती मिळत नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम चिरडून तिचा भास करतात. हार्मोनियमवर शिकवणाऱ्या कानाला हा गंधार ‘उतरलेला शुद्ध’ असा ऐकू येतो. ली तो लावतो तेव्हा तुम्हाला खटकत नाही, कारण त्याचा आवाज जाड आहे आणि जाड आवाजात सुराची कड दिसत नाही. शर्लीचा आवाज सुईसारखा असल्यामुळे तोच सूर उघडा पडतो. एक प्रयोग करा. तिच्या एका ओळीत जिथे तुम्हाला खटकते, ती जागा तंबोऱ्यावर धरून पाहा. प्रत्येक कडव्यात ती त्याच ठिकाणी तेवढीच खाली येत असेल, तर ती ब्लूजची जागा आहे. एका कडव्यात खाली आणि दुसऱ्यात बरोबर असेल, तर चूक. दोन्ही प्रकार तुम्हाला सापडतील.

दोघे एकत्र का गात नाहीत, याचे उत्तर यातच आले. हार्मनी म्हणजे दोन आवाजांनी तिसऱ्या-पाचव्या स्वराचे अंतर राखून एकाच वेळी गाणे. त्याला दोन्ही सूर जागच्या जागी लागतात. हलता गंधार असलेले दोन आवाज एकत्र ठेवले की भांडण होते. म्हणून यांच्या गाण्यांची बांधणीच पाळीपाळीची. ती बोलते, तो उत्तर देतो, मध्ये सॅक्सोफोन आपले म्हणणे मांडून घेतो. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये मिकी अँड सिल्विया ही जोडी वेगळे करत होती. मिकी बेकर हा नावाजलेला स्टुडिओ गिटारवादक, सिल्विया व्हँडरपूल त्याच्याकडे गिटार शिकायला आलेली. लेस पॉल आणि मेरी फोर्ड या गिटार-गायनाच्या जोडीच्या धर्तीवर त्यांनी दोन आवाज आणि गिटार यांची घट्ट वीण घातली आणि १९५६च्या शेवटी आलेल्या ‘लव्ह इज स्ट्रेंज’ने त्यांना रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला नंबर मिळवून दिला. कसबाने बघाल तर ती जोडी पुढे आहे. तरी मला शर्ली अँड ली जास्त ऐकावेसे वाटतात. कारण त्यांच्यात घासून गुळगुळीत केलेले काही नाही.

आता ‘एका साच्यातली गाणी’ या तक्रारीकडे. तक्रार रास्त आहे, फक्त तिचा पत्ता चुकला आहे. तुमच्या हातात आहे तो आपण आज ज्याला अल्बम म्हणतो तसला प्रकार नाही. १९४८ मध्ये एलपी आली खरी, पण पन्नाशीच्या दशकात ती मुख्यतः शास्त्रीय संगीत, नाटकांतली गाणी आणि जाझ यांच्यासाठी होती. एलपी चार डॉलरच्या आसपास, तर सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी तबकडी, एका डॉलरच्याही आत. रिदम अँड ब्लूजचा ग्राहक सिंगल घेत असे किंवा ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे हॉटेलांत ठेवलेल्या गाणी वाजवणाऱ्या यंत्रात, नाणे टाकत असे. त्यामुळे कंपन्या या गायकांची एलपी काढायच्या भानगडीत फारशा पडत नसत. गाणे जोरात चालले की मगच गेल्या चार वर्षांच्या सिंगल्समधून निवडून एक एलपी भरायची आणि तिला चाललेल्या गाण्याचे नाव द्यायचे. अलादिनने १९५६ मध्ये ८०७ क्रमांकाची जी एलपी काढली ती अशीच आहे. सलग बसून ऐकावी म्हणून यातले एकही गाणे ध्वनिमुद्रित झालेले नाही. प्रत्येक गाणे दोन-अडीच मिनिटांत गल्ल्यातल्या नाण्याची किंमत वसूल करून मोकळे होते. बारा माणसांनी आपापल्या घरून आणलेले डबे एका ताटात उलटे केले तर प्रत्येकाची उसळ सारखी वाटणारच.

म्हणून माझा सल्ला असा की एलपी क्रमाने ऐकू नका. सिंगल्स ज्या क्रमाने बाजारात आल्या त्या क्रमाने ऐका. तसे केल्यावर जे उलगडते ते एलपीने पार मोडून टाकले आहे. अलादिनने या दोघांना ‘स्वीटहार्ट्स ऑफ द ब्लूज’ हे बिरुद लावले आणि त्यांच्या रेकॉर्डमधून एक चालू प्रेमकथा रचली. ‘आयम गॉन’मध्ये ताटातूट. ती रेकॉर्ड १९५२ मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, तेव्हा पुढचा भाग काढणे आलेच. ‘शर्ली, कम बॅक टू मी’मध्ये तो तिला परत बोलावतो. त्यानंतर ‘शर्लीज बॅक’, म्हणजे ती आली. मग ‘द प्रपोजल’, त्याच्या मागच्या बाजूला ‘टू हॅपी पीपल’. सुख फार टिकले तर पुढची रेकॉर्ड कशी विकायची? म्हणून ‘ली गूफ्ड’, म्हणजे लीने घोळ घातला. पुढे ‘लीज ड्रीम’ही आहे. खऱ्या आयुष्यात हे दोघे प्रियकर-प्रेयसी नव्हते. पण ऐकणाऱ्या पोरांना ती गोष्ट खरी वाटावी अशीच कंपनीची इच्छा होती.

या मालिकेतली बहुतेक गाणी यादीत कुठे चढली नाहीत. अलादिनने तरीही तीन वर्षे ती चालू ठेवली, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. बहुधा एक कारण असे की जोडीचा माल विकता येतो हे कंपनीला माहीत होते. जीन अँड युनिस या जोडीचे ‘को को मो’ १९५५च्या सुमारास गाजले, तेव्हा अलादिनने त्यांनाही आपल्याकडे घेऊन ते गाणे पुन्हा गाऊन घेतले होते. ते गाणे मोठ्या प्रमाणावर विकले मात्र पेरी कोमो या गोऱ्या गायकाने. त्या काळाचा रिवाजच तो.

१९५५ मध्ये गोष्ट बाजूला पडली आणि नाच आला. ‘फील सो गुड’ पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर. १९५६च्या उन्हाळ्यात ‘लेट द गुड टाइम्स रोल’, अलादिनची सिंगल क्रमांक ३३२५. रिदम अँड ब्लूजमध्ये पहिला नंबर आणि गोऱ्या ग्राहकांच्या पॉप यादीत विसावा. त्यानंतर लगोलग ‘आय फील गुड’. आधीच्या गाण्यांत शर्ली कथेतले पात्र आहे. या गाण्यांत ती सरळ दार ढकलून आत येते. पहिले कडवे तिचे आहे. लीने सुरुवात केली असती तर ते चांगल्यापैकी ब्लूजचे आणखी एक गाणे झाले असते. तिच्या त्या पहिल्या हाकेमुळे ज्यूकबॉक्सच्या गोंगाटातही खोलीतले प्रत्येक डोके वळत असणार. गर्दीच्या जागी, लहान स्पीकरवर मऊ आवाज बुडतो आणि टोकदार आवाज वर तरंगतो. मेसनर यांना टेपवर जे ऐकू आले होते ते कंपनीने चार वर्षांनी पूर्णपणे वापरले.

साथीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. कोसिमो मटासा यांचा जे अँड एम स्टुडिओ म्हणजे रॅम्पार्ट आणि ड्युमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानामागची पंधरा-सोळा फुटांची खोली. गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोचे ‘द फॅट मॅन’ १९४९ मध्ये तिथेच झाले. १९५६ मध्ये मटासा गव्हर्नर निकल्स रस्त्यावरच्या मोठ्या जागेत गेले. त्यांची पद्धत अशी की माइक कमी, ते कुठे उभे करायचे यावर सगळी मेहनत, आणि एकदा वादक वाजवू लागले की बटणांना हात लावायचा नाही. सगळे मोनो, म्हणजे डावे-उजवे वेगळे नसलेले एकच ध्वनिमुद्रण. नंतर आवाज वरखाली करायची सोय नाही. कोण किती ऐकू येणार हे तो माइकपासून किती पावले लांब उभा आहे यावरून ठरे. ड्रमवर अर्ल पामर, टेनर सॅक्सोफोनवर ली ॲलन, त्यांच्याबरोबर ॲल्विन ‘रेड’ टायलर, आणि बांधणी करायला डेव्ह बार्थोलोम्यू, अशी त्या शहराची स्टुडिओतली नेहमीची मंडळी होती. फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड यांच्या मागेही हीच. ‘आयम गॉन’च्या रचनेतही बार्थोलोम्यू यांचा हात आहे.

ठेका ऐकताना हाताने मात्रा धरून पाहा. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करा आणि मधला गाळा. धाऽ-धा, धाऽ-धा असा झोका येतो. याला शफल म्हणतात. आपल्या दादऱ्यात वाढलेल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो, पण दादरा पुढे ढकलतो आणि न्यू ऑर्लिन्सचा शफल किंचित मागे रेलतो. ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये) आणि सॅक्सोफोन मिळून एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा म्हणतात आणि गायक त्या तुकड्यांच्या फटीत बसतात. तुम्हाला गाणी एकसारखी वाटली त्यात या साथीचाही हात आहे. मला मात्र त्यात कधी कंटाळा आला नाही. त्या तुकड्यांसाठी मी पूर्ण बाजू पुन्हा लावतो.

या बेसूरपणाची पुढची वाटचालही पाहण्यासारखी आहे. न्यू ऑर्लिन्सची रेकॉर्ड आणि तिथल्या रेडिओच्या लहरी जमैकात पोचत होत्या. किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमवाल्यांना, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाच भरवणाऱ्यांना, शफल फार प्रिय होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेरिक मॉर्गन आणि पॅटसी टॉड यांनी जोडीने गायला सुरुवात केली, ती थेट शर्ली अँड ली यांच्या वळणावर. मिली स्मॉलने १९६४ मध्ये ‘माय बॉय लॉलिपॉप’ गायले, तेव्हा त्या पोरसवदा टोकदार आवाजाने इंग्लंडही नाचले. मिलीसुद्धा आधी जोडीनेच गात होती. जमैकातल्या या स्का नावाच्या संगीतातल्या मुलींचे आवाज तुम्हाला सुराच्या कडेवर चालल्यासारखे वाटले, तर त्यांचे माहेर कुठे आहे हे आता कळेल.

लेखनाच्या श्रेयात ज्याला जागा मिळाली नाही, तोच आवाज शेवटी खटल्यात उभा राहिला. ‘लेट द गुड टाइम्स रोल’चा कॉपीराइट फक्त लिओनार्ड ली यांच्या नावावर नोंदला गेला होता. ली १९७६ मध्ये वारले. शर्ली यांनी ऐंशीच्या दशकात लीच्या वारसांविरुद्ध दावा लावला. गाणे आम्ही दोघांनी मिळून केले, मी सहलेखिका आहे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद संघीय न्यायालयात चालू शकतो का, यावरच आधी झगडा झाला. १९८७ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, जे न्यू ऑर्लिन्समध्येच बसते, चालू शकतो असे सांगितले. पुढे ज्यूरीने त्यांना सहलेखिका ठरवले. १९९६ मध्ये त्याच अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि निम्म्या मानधनावरचा त्यांचा हक्क मान्य झाला. सहलेखकत्वाचा दावा किती उशिरा करता येतो, या प्रश्नावर अमेरिकन वकील अजूनही ‘गुडमन विरुद्ध ली’चा दाखला काढतात. मुद्दा एवढाच की तबकडीवरच्या लेबलावर लेखकाचे नाव दिसते तेवढ्यावर त्या काळात कधीच विसंबू नये. ‘लव्ह इज स्ट्रेंज’च्या लेखकांतही गायक-गिटारवादक बो डिडली यांनी स्वतःच्या ऐवजी पत्नीचे नाव घातले होते, आणि त्यातली गिटारची गत ‘जोडी विल्यम्स’ नावाच्या गिटारवादकाची असल्यावरून कोर्टकचेरी झाली होती.

जोडी साठच्या दशकाच्या सुरुवातीला फुटली. शर्ली कॅलिफोर्नियाला गेल्या आणि इतरांच्या मागे गाऊ लागल्या. डॉ. जॉन या गायकाच्या ‘ग्रिस-ग्रिस’वर त्या आहेत, रोलिंग स्टोन्सच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’वरही आहेत. मग १९७४च्या शेवटी ‘शेम, शेम, शेम’ आले, ‘शर्ली अँड कंपनी’ या नावाने. गाणे लिहिणारी आणि निर्मिती करणारी कोण, तर मिकी अँड सिल्वियातली सिल्विया, आता लग्नानंतरच्या सिल्विया रॉबिन्सन. डिस्कोच्या त्या लखलखाटात, जिथे सगळे आवाज पॉलिश करून बसवले जात होते, सिल्विया यांनी मुद्दाम तो जुना खरखरीत, सुराच्या कडेवरचा आवाज शोधून काढला. रिदम अँड ब्लूजमध्ये गाणे पहिल्या क्रमांकावर, पॉप यादीत बाराव्या. याच सिल्विया यांनी १९७९ मध्ये शुगरहिल कंपनी काढून ‘रॅपर्स डिलाइट’ आणले, म्हणजे रॅपची पहिली मोठी सिंगल. सतरा-अठरा वर्षांपूर्वी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन जोड्यांतल्या दोघी बायकांनी आपापले जोडीदार बाजूला झाल्यावर एकत्र येऊन ‘शेम, शेम, शेम’ केले, याकडे संगीताच्या इतिहासात फारसे कोणी थांबून बघत नाही.

आता तुमच्या प्रतीचा प्रश्न. याच नावाच्या किमान चार एलपी आहेत आणि विकणारे, कधी अजाणतेपणी, त्यांची सरमिसळ करतात. पहिली अलादिन ८०७, तिच्यासाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात आणि ती आपल्याकडच्या बाजारात सापडणे जवळजवळ अशक्य. दुसरी स्कोअर या अलादिनच्याच स्वस्त लेबलवर. तिसरी इंपीरियलची, कारण साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंपीरियलने अलादिनचा माल विकत घेतला. या तिन्हींत मूळ अलादिनची ध्वनिमुद्रणे आहेत. चौथी वॉरविक कंपनीची, आणि इथे सावध राहा. अलादिन सोडल्यावर जोडीने १९६० मध्ये वॉरविकसाठी ‘लेट द गुड टाइम्स रोल’ पुन्हा गायले आणि तेही पॉप यादीत आले. ते गाणे चांगले आहे, पण १९५६ चे नाही. साथ वेगळी, शर्लीचा आवाज थोडा मोठा झालेला. मागच्या पन्नास वर्षांतल्या स्वस्त संकलनांत अनेकदा याच दुसऱ्या आवृत्तीचा भरणा असतो. ‘स्टँड बाय मी’ या १९८६च्या चित्रपटात जे ऐकू येते ते या जोडीचेच गाणे, त्यामुळे ते कानात बसलेले असेल तर तुमच्या प्रतीशी ताडून पाहा.

नावावरून आणखी एक घोटाळा होतो. लुई जॉर्डन यांचे १९४६चे ‘लेट द गुड टाइम्स रोल’ हे वेगळे गाणे आहे. रे चार्ल्स यांनी गायले ते जॉर्डन यांचे, शर्ली अँड ली यांचे नव्हे.

प्रत ओळखायला मुखपृष्ठ कामाचे नाही, ते सहज छापता येते. लेबलाभोवती जी गुळगुळीत रिकामी कडा असते, तिथे खोदलेले आकडे तिरप्या उजेडात वाचा आणि लेबलावरच्या क्रमांकाशी जुळवा. पन्नाशीतली तबकडी हातात जड आणि ताठ लागते. अलादिनच्या ध्वनिमुद्रणांच्या प्रतीवर कुठेही ‘स्टिरिओ’ लिहिले असेल तर ती साठच्या दशकातली किंवा नंतरची आहे, आणि तो स्टिरिओ खोटा आहे. मोनो टेपचे खालचे आवाज एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलून तो केलेला असतो. त्यात ली एका कानात आणि शर्ली दुसऱ्या कानात ओढल्यासारखी वाटते आणि दोघांमधली हवाच जाते. असली प्रत फुकट मिळाली तरी ऐकण्यासाठी घेऊ नका.

मोनो प्रत वाजवताना डावा-उजवा चॅनेल एकत्र करा. मोनो तबकडीत आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. उभ्या हालचालीत असतो तो निव्वळ खरखराट, आणि दोन्ही चॅनेल मिसळले की त्यातला बराच कापला जातो. ॲम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर तेवढेच दाबा. पिन शक्यतो १ मिलची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या टोकाची घ्या. स्टिरिओची ०.७ मिलची पिन खाचेच्या तळाशी जाते आणि तिथली धूळ वाचत बसते. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची ३ मिलची पिन एलपीवर चुकूनही ठेवू नका, ती खाच कायमची खराब करते. डिजिटल प्रत करणार असाल तर आधी दोन चॅनेल वेगळे घ्या, खाचेची कोणती भिंत कमी झिजली आहे ते ऐका, आणि हवे तर फक्त तीच वापरा. खरखर काढणारे सॉफ्टवेअर जरा जपून वापरा. ते शर्लीच्या आवाजाच्या वरच्या टोकाला खरखराट समजते आणि कापते. मग आवाज गोड होतो खरा, पण तो शर्लीचा राहत नाही.

सगळी गाणी क्रमाने ऐकायची तर जर्मनीच्या बेअर फॅमिली कंपनीने चार सीडींचा ‘द स्वीटहार्ट्स ऑफ द ब्लूज’ हा संच काढलेला आहे, तोच माझ्या मते सर्वांत सोयीचा. महाग आहे, पण विकणाऱ्याला दिलेल्या रकमेच्या मानाने परवडेल. आधी ‘आयम गॉन’, मग शर्लीला परत बोलावणारी गाणी, मग ‘फील सो गुड’, आणि नंतर एलपीची पहिली बाजू लावा. विद्यार्थ्यांना युगलगीत शिकवत असाल तर त्यांना वॉरविकची आणि अलादिनची आवृत्ती पाठोपाठ ऐकवा आणि शर्लीचा गंधार कुठल्या वेळी जागेवर आहे ते तंबोऱ्यावर शोधायला सांगा.